पांडुरंगचं अत्तर

पांडुरंग शिगवणवर कुत्री भुंकत नसत. बहारीनमधल्या बुदैया गावात तो ज्या मळ्यावर कामाला होता, त्याच्या फाटकाशी पाच-सहा भटकी कुत्री कायम पडलेली असायची आणि मी गाडीतून पाय खाली टाकला की सगळी मिळून माझ्या पोटऱ्यांवर धावून यायची. पांडुरंग मला घ्यायला फाटकापर्यंत यायचा तो त्यांच्यामधूनच, कधी एखाद्याची शेपटी ओलांडून. पण एकाही कुत्र्याने कधी मान वर केली नाही. एकदा मी हसत विचारलं, "काय रे पांडू, ह्यांना काय चारतोस?"

"काय नाय, हारूनभाय," तो म्हणाला. "मी त्यांना दिसतो, पन वास येत नाय. वास नाय म्हंजे त्यांच्या लेखी मानूस नाय."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की जणू पायात चप्पल नाही म्हणून सांगतोय.

मी मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात स्टोअरकीपर होतो. बायको अकीला आणि मी झिंज भागात दोन खोल्यांत राहायचो. माझं गाव वेसवी, बाणकोटच्या खाडीकाठी. पांडुरंगची वाडी तिथून दोन डोंगर पलीकडे. गावात असताना आम्ही एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं, पण परमुलखात दोन डोंगर म्हणजे शेजारच झाला. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा त्याची बायको मालू पाच महिन्यांची गरोदर होती. तो बुदैयाच्या एका मळ्यावर कामाला लागला. मळा एका म्हाताऱ्या बहारिनी माणसाचा. आम्ही सगळेच आपापल्या मालकाला अरबाब म्हणतो, तसा तो पांडुरंगचा अरबाब. मळ्यात खजूर होता, गुरांचा चारा होता, कोथिंबीर-मुळा होता, पण म्हाताऱ्याचा जीव होता तो कोंबड्यांवर आणि कबुतरांवर.

आणि त्या कोंबड्यांच्या मुळावर मुंगसं आली होती. बहारीनमध्ये मुंगूस कुठून आलं ते अल्लाला माहीत. लोक सांगायचे की जुन्या काळी कुणीतरी उंदीर मारायला म्हणून हिंदुस्थानातून गलबतावर घालून आणलं. म्हणजे तेही आपल्यासारखंच, कामाला आणलेलं आणि मग इथलंच झालेलं. खुराड्यात रोज सकाळी फुटकी अंडी आणि मान मोडलेली पिल्लं सापडायची. अरबाबने पांडुरंगला सरळ सांगितलं, "हे मुंगूस खलास कर. मग तुझ्या बायकोमुलाला मी व्हिजिट व्हिसा देतो."

मळ्यावरच्या मजुराला कोण देतो बायकोचा व्हिसा? पांडुरंगच्या डोक्यात ते एकच वाक्य बसलं. दोन वर्षांनी सुट्टी, ती मिळाली तर मिळाली. तोवर मूल चालायला लागणार, बोलायला लागणार. पहिल्यांदा बापाकडे बघेल तेव्हा त्याला ओळखेल की नाही, ह्या विचाराने त्याला मूल जन्मायच्या आधीपासून पोखरलं होतं.

पिंजऱ्यांना जाळी मी दिली, गोदामातली मोडीत काढलेली. पांडुरंगने पाच पिंजरे बांधले. आत पाय पडला की मागे दार पडतं, असे. आत अंडं ठेवलं. एक मुंगूस फिरकलं नाही. खुराड्यात चाळीस अंडी असताना ते पिंजऱ्यातल्या एका अंड्यासाठी कशाला जीव धोक्यात घालील? मग पांडुरंग वासाच्या मागे लागला.

मासळी बाजारात दुपारी उरलेली साफी तो फुकट मागून आणायचा. साफी म्हणजे इथला वीतभर मासा, लवकर नासणारा. तुकडे करून लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरायचे आणि बरणी शेडच्या पत्र्यावर तीन आठवडे उन्हात ठेवायची. झाकण सैल ठेवायचं असतं, हे एक बरणी फुटून सगळ्या पत्र्यावर पसरली तेव्हा कळलं. मासळी विरघळून वर तेल येतं, ते फडक्यातून गाळायचं. त्यात नासलेलं अंडं, बडीशेपेच्या तेलाचे दोन थेंब आणि औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन, कारण इथल्या उन्हात वास तासाभरात उडून जातो आणि ग्लिसरीन तो धरून ठेवतं. एवढं सगळं करून पिंजऱ्यात काय आलं? मांजरं. सगळ्या बुदैयाची मांजरं.

मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. पुढच्या आठवड्यात त्याला हायवेवर गाडीखाली आलेलं एक मुंगूस सापडलं. शेपटीच्या मुळाशी त्याला एक छोटी पिशवी असते. मुंगूस दगडावर बूड घासून जातं ते त्या पिशवीतला वास ठेवून जायला. ती पिशवी त्याने ब्लेडने काढली, तेलात टाकली आणि बाटली खजुराच्या मुळाशी दहा दिवस पुरून ठेवली. बाहेर काढली तेव्हा मी तिथे होतो. त्याने बूच उघडून माझ्या नाकाशी धरली. आधी मासळी आली, मग बडीशेप, आणि मग त्या दोहोंच्या खालून काहीतरी ऊबदार, जिवंत आलं. आपल्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय असं वाटलं आणि मी खरंच मागे वळून पाहिलं. मागे फक्त भिंत होती.

"भुकेनं येतंय ते हुशार असतंय, हारूनभाय," पांडुरंग म्हणाला. "ओळखीनं येतंय ते बिनघोर येतंय. ह्याच्यात भूक नाय, ओळख हाय."

"मग जुम्म्याला मी अत्तर लावतो तसं तू हे लाव," मी म्हटलं. तेव्हापासून त्या बाटलीचं नाव अत्तर पडलं.

पहिल्या आठवड्यात चार मुंगसं सापडली. ती त्याने मारली नाहीत. आमच्या मुलखात मुंगसावर हात कुणी उचलत नाही. त्याचं दर्शन चांगलं, असं हिंदू म्हणतात आणि आम्हीही मनातल्या मनात मानतो. दर जुम्म्याला नमाज झाली की मी पिकअप घेऊन जायचो आणि आम्ही पिंजरे बेटाच्या दुसऱ्या टोकाला, वाळूत नेऊन उघडायचो. अरबाबला सांगायचं, खलास. एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकली. पिंजऱ्यात एक अडकलेलं असलं की बाहेर दोन-तीन बसलेली असायची. आम्ही जवळ गेलो तरी पळायची नाहीत. पिंजरा उचलला की उठून आमच्या मागोमाग गाडीपर्यंत यायची. मी हातातला रुमाल झटकायचो तेव्हा कुठे बाजूला व्हायची. म्हणजे फक्त माझ्या बाजूची. पांडुरंगच्या पायाशी असलेली तशीच बसून राहायची.

कारण तोवर पांडुरंगने स्वतःचा वास काढून टाकला होता. पिंजऱ्याला माणसाच्या हाताचा वास लागला की अत्तराचा उपयोग नाही, म्हणून त्याने आधी बिडी सोडली, मग खोबरेल, मग साबण. राखेने आणि मळ्यातल्या चिखलाने अंग चोळायचा. कांदा-लसूण बंद केला. अकीला म्हणायची, हा माणूस समोर बसला तरी घरात कुणी आल्यासारखं वाटत नाही. मी तिला गप्प केलं, पण तिचं खरं होतं. कुत्र्यांचं मी सांगितलंच.

नोव्हेंबरात मालूला मुलगी झाली. नाव ठेवलं मृणाली. मी फेब्रुवारीत सुट्टीवर निघालो तेव्हा मालूचं पत्र आलं होतं: पोर झोपत नाही, तुमचा अंगावरचा न धुतलेला शर्ट पाठवा. आमच्याकडे ही रीतच आहे. बाप बोटीवर किंवा आखातात असला की त्याचा घामाचा शर्ट पोराच्या डोक्याखाली घालायचा. पोर त्या वासावर वाढतं आणि बाप घरी आला की परका वाटत नाही. अकीला गावी होती तेव्हा माझा मुलगाही माझ्या जुन्या लुंगीवर झोपला. पांडुरंगने आठ दिवस एकच शर्ट घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माझ्याकडे दिला. देताना त्याचे डोळे भरले होते.

तो शर्ट रोज शेडमधल्या ज्या खिळ्याला टांगलेला असायचा, त्याच्या खालीच अत्तराच्या बरण्या होत्या. त्याला स्वतःला तो वास येईनासा होऊन महिने झाले होते.

मला आला. वेसवीला घरी बॅग उघडली तर बहिणीसाठी नेलेल्या कापडाला, खजुराला, सगळ्याला तो वास. मी पिशवी सोडून शर्ट नाकाशी धरला. त्यात पांडुरंग नव्हताच. त्यात दुसरंच कुणीतरी होतं. मला तेव्हाच कळलं होतं, हे लिहिताना खोटं कशाला बोलू? पण परत पत्र लिहा, दुसरा शर्ट मागवा, तो कुणाच्या तरी हाती यायला सहा महिने. मी पिशवी पुन्हा बांधली आणि दोन डोंगर चढून मालूच्या हातात दिली. तिने माझ्यासमोरच शर्ट तोंडाला लावला आणि ती थांबली.

"ह्यांच्या अंगाचा वास असा नव्हता," ती म्हणाली.

"मळ्यावर राबतो तो. खत, घाम, तिथलं पाणी. माणसाचा वास बदलतो," मी म्हणालो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. शर्टाची घडी करून पोरीच्या डोक्याखाली घातली. रडून रडून लाल झालेली ती पोर एकदम गप्प झाली, तोंड शर्टात खुपसून लांब श्वास घेतला आणि झोपली. मालूने मला चहा दिला, वर दोनदा म्हणाली की भाय, तुमचे उपकार झाले.

पुढच्या दोन वर्षांत जो कोणी सुट्टीवर गेला त्याच्याबरोबर एक शर्ट गेला. असे चार गेले. पांडुरंग जुम्म्याला आमच्याकडे यायचा आणि मालूची पत्रं वाचून दाखवायचा. मृणाली बसायला लागली, रांगायला लागली. मग एका पत्रात होतं की अंगणात हल्ली मुंगूस येतं. पुढच्या पत्रात दोन येत होती. वाडीतले लोक म्हणायचे, घराला चांगले दिवस येणार. मग एक पत्र आलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. मालूने लिहिलं होतं: एक मुंगूस रोज दुपारी पडवीत येऊन बसतं. मृणाली त्याच्यापुढे शर्ट घेऊन बसते आणि बोलते. ते पळत नाही. ती त्याला काय म्हणते ते मला कळत नाही, मी गेले की दोघंही गप्प होतात.

"राखन करतंय माज्या पोरीची," पांडुरंग म्हणाला आणि पत्राची घडी खिशात ठेवली. अकीलाने माझ्याकडे पाहिलं. मी उठून पाणी प्यायलो.

इकडे खुराड्यात अंडी फुटायची कधीच थांबली होती. अरबाब खूश होता. मुंगसं मळ्यातून गेली नव्हती मात्र. ती आता पांडुरंगच्या खोलीसमोर येऊन बसत. भर दुपारी, ओळीने, दाराकडे तोंड करून. तो बाहेर आला की उठत आणि तो कामाला गेला की निघून जात. मी एकदा म्हटलं, पांडू, हे बरं नाही. तो म्हणाला, कोंबड्यांना तर हात लावत नायत ना?

म्हाताऱ्याने शब्द पाळला. शहाण्णवच्या मार्चमध्ये, ईद होऊन गेल्यावर, मालूचा आणि मृणालीचा महिन्याभराचा व्हिजिट व्हिसा आला. त्या दिवशी पांडुरंग चंदनाच्या साबणाने तीनदा न्हाला. डोक्याला खोबरेल चोपडलं, नवा शर्ट घातला. फाटकाशी आलो तर त्याच्यावर कुत्री भुंकली. आम्ही दोघंही इतके हसलो की गाडी सुरू करायला वेळ लागला.

विमानतळावर मालू बाहेर आली. कडेवर सव्वादोन वर्षांची पोर, तिच्या मुठीत शर्टाची चिंधी. पांडुरंगने दोन्ही हात पुढे केले. पोरीने त्याच्याकडे पाहिलं, नाकपुड्या हलल्या, आणि तिने अशी किंकाळी फोडली की रांगेतले लोक वळून बघायला लागले.

"दोन दिसांत वळखंल," मालू म्हणाली. "बाबा बाबा करून माजा जीव खात व्हती विमानात."

दोन दिवस गेले, चार गेले. पांडुरंगने गाणारी बाहुली आणली, पोरीने बाहुली घेतली आणि त्याच्याकडे पाठ केली. हातगाडीत बसवून मळाभर फिरवायला गेला, तर गाडीतून खाली उडी टाकून पळाली. तो खोलीत असला की ती झोपेना, म्हणून तो दाराबाहेर झोपायला लागला. रात्रभर आतून तिचा आवाज यायचा, बाबा कुठंय, बाबा कुठंय. आणि बाबा दाराला पाठ लावून बसलेला. आठव्या दिवशी तो माझ्या गोदामात आला, जाळीच्या गुंडाळीवर बसला आणि एवढंच म्हणाला, "हारूनभाय, आट दिस ग्येले." मग लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मालूने तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीची सागुती केली होती. जेवणं झाली, अकीला आणि मालू भांडी घासत होत्या, मी आणि पांडुरंग खजुराखाली आडवे झालो होतो. उन्हाची वेळ. मालू बाहेर आली आणि म्हणाली, "पोर तुमच्याकडं हाय ना?"

पोर आमच्याकडे नव्हती.

मळ्यात पाण्याचा एक हौद होता, पुरुषभर खोल, शेवाळलेला. पांडुरंग धावला तो थेट हौदाकडे आणि कपड्यांसकट आत पडला. तो बुडी मारत होता, वर येऊन श्वास घेत होता, पुन्हा बुडी मारत होता. मालू काठावर उभी राहून नुसती हाका मारत होती. अकीला हायवेकडे पळाली. मी खजुरांच्या रांगांतून मागच्या भिंतीकडे गेलो. माझ्या तोंडी कलमा होता, पण तो कुठवर म्हटला ते आठवत नाही.

भिंतीजवळ गेलो तशी कानावर आली ती पोरीचीच वाणी. ती निवांत बोलत होती. मधेच थांबायची, कुणाचं तरी ऐकल्यासारखी, आणि मग पुढे सांगायची. "आनि मी विमानात बसले. आनि आईनं मना चाकलेट दिलं. तू का नाय आलास?"

मागच्या भिंतीशी पांडुरंगने एक पिंजरा ठेवलेला होता. अरबाबच्या कबुतरांना पिल्लं झाली होती म्हणून त्याने त्या सकाळीच तिथल्या दगडावर अत्तराचा थेंब सोडला होता. पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं. मृणाली त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती आणि तिचा हात जाळीतून कोपरापर्यंत आत होता. पिंजऱ्यातलं मुंगूस काय करतं ते मी जाणतो. बोटाचं हाड मोडेपर्यंत चावतं. हे मुंगूस तिच्या तळहातावर हनुवटी टेकून डोळे मिटून बसलं होतं. पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंना आणखी चार-पाच होती, पोरीच्या गुडघ्यांना लागून. माझा पाय पाचोळ्यावर वाजला तशी सगळ्यांनी एकदम माझ्याकडे मान वळवली. पोरीनेही. त्या सगळ्यांचं बघणं एकसारखं होतं आणि मला पुढे पाऊल टाकवेना. खरं सांगतो, मला त्या सव्वादोन वर्षांच्या पोरीची भीती वाटली.

मालू माझ्या मागून आली. तिने ऐकलं, पाहिलं, आणि मला ढकलून पुढे झाली. मुंगसं चार पावलं मागे सरली, त्याहून जास्त नाही. तिने पोरीला ओढून घेतलं तशी पोर हातपाय झाडायला लागली. "बाबा! बाबा!" हात पिंजऱ्याकडे. पांडुरंग तोवर पोहोचला होता, अंगावरून पाणी गळत, दाढीला शेवाळ. तो सगळं बघून जागच्या जागी उभा राहिला.

मालूने पोरीच्या मुठीतली चिंधी हुंगली. मग वाकून तो दगड हुंगला. किती तरी वेळ ती तशीच वाकून होती.

"ह्ये काय हाय?" तिने विचारलं.

मग मीच बोललो. अत्तर कसं केलं, शर्ट कुठे टांगलेला असायचा, बॅग उघडल्यावर मला काय वास आला, सगळं सांगितलं. "मला तेव्हाच कळलं होतं, मालू. मी तुझ्याशी खोटं बोललो."

मला वाटलं ती मला शिव्या घालील. घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती पोरीला घट्ट धरून म्हणाली, "रोज रात्री मी हिला सांगत व्हते. हा बाबाचा वास, झोप. रोज रात्री."

मी एक काठी घेऊन लांबूनच पिंजऱ्याचं दार वर केलं. ते मुंगूस निघून जाईल, निदान एवढं तरी होईल, असं मला वाटत होतं. ते बाहेर आलं आणि तिथेच बसलं. पोरीचं रडणं आता आचके देऊन चाललं होतं. पांडुरंग वळून शेडकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात बाटली होती.

"नको," मालू म्हणाली. "वता सगळं तिकडं. चिंधी जाळा. रडंल चार दिस, मंग वळखंल तुमाला. तुमाला, समजलं का?"

"किती दिसांत वळखंल?" पांडुरंगने विचारलं. त्याचा आवाज अगदी साधा होता. "तीन आठवडं हायत माज्याजवळ, मालू. मंग परत दोन वर्सं. चार दिसांत नाय वळखलं तर?"

मी त्याचा हात धरायला हवा होता. नाही धरला. त्याने ओल्या शर्टाची बटणं काढली आणि अर्धी बाटली छातीवर, गळ्यावर ओतली. वास असा उसळला की अकीला, जी तेवढ्यात धापा टाकत आली होती, तोंडावर ओढणी धरून मागे झाली.

पोर रडायची थांबली. मध्ये एक हुंदका आला तो तिने गिळला. नाकपुड्या हलल्या. आईच्या कडेवरून ती खाली उतरली, मालूने धरलं नाही, आणि एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे गेली. तो गुडघ्यांवर बसला होता, हात मांडीवर, श्वास रोखून, पिंजरा लावल्यावर आडोशाला बसायचा तसा. पोरीने त्याच्या गळ्याशी नाक नेलं. उजव्या बाजूला हुंगलं, डाव्या बाजूला हुंगलं. मग दोन्ही हात त्याच्या मानेभोवती टाकले आणि डोकं खांद्यावर ठेवलं.

पांडुरंगच्या तोंडातून आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. तो तिला धरून हलत होता, तिच्या केसांवर तोंड घासत होता. अकीला रडायला लागली, मीही रडत होतो. मालू तेवढी कोरड्या डोळ्यांनी उभी होती. मुंगसं पुढे सरून पांडुरंगच्या भोवती बसली होती आणि त्यांना हाकलायचं कुणाला सुचलं नाही.

जरा वेळाने पोरीने खांद्यावरून मान उचलली. समोर बसलेल्या त्या मुंगसाकडे पाहिलं, मग पांडुरंगच्या तोंडाकडे, आणि तिला हसू फुटलं. त्याच्या गालावर हात ठेवून तिने मालूला सांगितलं, "आई, हा पन बाबा."

पांडुरंगने ते ऐकलं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "व्हय गो बाय. मी पन."